फुरसतीला गुणवत्ता म्हणू नका

ऑनलाइन गेमच्या जगात 'कॅज्युअल' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. जो आठवड्यातून तीन-चार तास खेळतो, कामावरून आल्यावर तासभर लॉग-इन करतो, घरातून हाक आली की हेडफोन काढून उठतो, तो कॅज्युअल. म्हणजे उथळ, हौशी, दुसऱ्यांच्या जिवावर लूट मिळवणारा. आम्ही असेच कॅज्युअल खेळाडू आहोत आणि त्याची आम्हाला काडीचीही लाज वाटत नाही. उलट ज्या खेळांत हजारो माणसे एकाच काल्पनिक जगात पात्र घेऊन वावरतात, त्या मल्टिप्लेअर रोल-प्लेइंग गेमबद्दल आमचे काही स्पष्ट म्हणणे आहे. ते आज मांडतो.

काही कार्यकर्ते मित्र विचारतील, गेमवर कसला लेख? ऑनलाइन गेम म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर रमीची जाहिरात येते. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घालणारा आहे. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीचे खेळ त्यानेही वेगळे ठेवले आहेत. आम्ही बोलतोय ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल. जिथे आपली पोरे संध्याकाळ घालवतात, तिथे कोण वर बसतो, कोण खाली राहतो आणि खाली राहिलेल्याला त्याचीच चूक म्हणून कसे पटवले जाते, हे तपासणे हा समाजशास्त्राचाच विषय आहे.

या खेळांचा जन्म कुठे झाला ते आधी पाहू. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर फक्त अक्षरे. बार्टल यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे, की ब्रिटनमधल्या वर्गव्यवस्थेबद्दलचा राग त्या खेळात होता. जिथे माणूस कोणाच्या पोटी जन्मला यावर काहीच ठरणार नाही, फक्त तो काय करतो यावर ठरेल, असे जग त्यांना हवे होते. खेळातल्या 'लेव्हल' त्यासाठी होत्या. बाहेर तू कोणीही अस, इथे सगळे पहिल्या पायरीवरून सुरू करतील.

मित्रांनो, हे वचन आपल्याला किती ओळखीचे आहे! आणि ते पुढे कसे मोडले गेले, तेही ओळखीचेच आहे.

२३ नोव्हेंबर २००४ रोजी ब्लिझर्ड कंपनीचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' बाजारात आला. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार झाले होते. आधीच्या 'एव्हरक्वेस्ट'पेक्षा हा खेळ सोपा होता. एकट्याने खेळत साठाव्या लेव्हलपर्यंत जाता येत असे आणि म्हणूनच आमच्यासारखे लोक त्यात आले. पण साठावी लेव्हल गाठली की खरी भिंत लागायची. सर्वांत चांगली शस्त्रे आणि कथेचा शेवट 'रेड'मध्ये होता. रेड म्हणजे चाळीस माणसांनी एकाच वेळी, ठरल्या रात्री, कित्येक तास बसून केलेली चढाई. आधी प्रवेशासाठीच्या कामगिऱ्यांची लांब साखळी पूर्ण करायची, मग गिल्डमध्ये नाव नोंदवायचे, मग आठवड्यातल्या तीन-चार रात्री हजेरी लावायची. २००६ मध्ये आलेली 'नॅक्सरामस' ही चढाई मूळ रूपात अगदी थोड्याच खेळाडूंना आतून पाहता आली. बाकीच्यांनी वर्गणी सारखीच भरली आणि दार बाहेरून पाहिले.

आता हिशोब करा. युरोपच्या सर्व्हरवर रात्री आठला रेड सुरू होते. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. सकाळी सातची लोकल पकडणारा, दुकानात उभा राहणारा, दोन शिकवण्या घेऊन स्वतःचा अभ्यास करणारा पोरगा पहाटे चारपर्यंत बसणार कसा? आणि ज्या मुलीला ताटे उचलल्याशिवाय खुर्चीत बसता येत नाही, ती? आम्हाला एका गिल्डने 'हजेरी अनियमित' म्हणून काढून टाकले. खेळ वाईट होता असे कोणी म्हटले नाही. गुन्हा एकच, आमच्याकडे रात्र मोकळी नव्हती.

यावर कट्टर खेळाडूंचे उत्तर ठरलेले आहे. "आम्ही मेहनत केली, तुम्हीही करा." मेहनतीला मोल मिळावे, हे आम्हालाही मान्य आहे. कौशल्य खोटे नाही. चाळीस माणसांत योग्य क्षणी योग्य जागी उभे राहणे सोपे नाही. पण या खेळांत बक्षीस नेमके कशाला मिळत होते ते पाहा. एव्हरक्वेस्टच्या काळात गिल्डांनी 'ड्रॅगन किल पॉइंट्स' नावाची पद्धत काढली. म्होरक्या आपल्या दोस्तांनाच लूट वाटतो ही तक्रार मिटवायला ती आली, आणि तेवढ्यापुरती ती न्याय्यही होती. पण गुण मिळायचे ते मुख्यतः हजर राहिल्याचे. म्हणजे मोजली जात होती ती फुरसत, आणि पाटी लावली गेली गुणवत्तेची.

वॉरक्राफ्टमधली सन्मानपदांची जुनी पद्धत तर याहून उघडी होती. खेळाडूंशी लढून मिळणारे सर्वोच्च पद ठरावीक गुण झाले म्हणून मिळत नसे. त्या आठवड्यात तुमच्या सर्व्हरवरच्या तुमच्या बाजूच्या इतरांपेक्षा तुम्ही किती पुढे, यावर ते ठरे. एक आठवडा थांबलात तर घसरण. त्यामुळे एकाच पात्रावर अनेक जण आळीपाळीने खेळत. माझे वर जाणे तुमच्या खाली राहण्यावर अवलंबून असेल, तर ती चढण्याची शिडी नव्हे, ती उतरंड आहे.

मग कंपनीने दारे थोडी उघडली. २००७ मध्ये चाळीसच्या जागी पंचवीस आणि दहा जणांच्या चढाया आल्या. २००८ मध्ये तीच नॅक्सरामस सोपी करून पुन्हा उघडली. २०११ च्या अखेरीस 'रेड फाइंडर' आला. बटण दाबा, यंत्रणा पंचवीस अनोळखी माणसे जमवेल, तास-दोन तासांत कथेचा शेवट पाहा. यावर केवढा आक्रोश झाला! सहज मिळणाऱ्या चांगल्या शस्त्रांना आधीच नाव पडले होते, 'वेल्फेअर एपिक'. म्हणजे खैरातीत मिळालेले. हा शब्द अमेरिकेतल्या गरिबांच्या सरकारी मदतीवरून उचललेला आहे हे लक्षात घ्या. "लायकी नसताना मिळाले", "दर्जा घसरला", "आमच्या मेहनतीचा अपमान झाला". ही वाक्ये आपण गेममध्ये पहिल्यांदा ऐकली का? कॉलेजच्या कट्ट्यावर, प्रवेशाची यादी लागल्याच्या दिवशी, आपण ती कितीदा ऐकली आहेत?

गंमत अशी, की रेड फाइंडरमधली शस्त्रे मुख्य चढाईतल्या शस्त्रांपेक्षा कमी ताकदीची होती. कट्टर खेळाडूंची तलवार कोणी काढून घेतली नव्हती, त्यांची अवघड चढाईही तशीच होती. त्यांचे काहीच कमी झाले नव्हते. कमी झाले ते अंतर. आणि अंतर कमी झाल्याचेच दुःख त्यांना सर्वांत मोठे होते. श्रेणीबद्ध विषमता म्हणून बाबासाहेबांनी जे दाखवून दिले, त्याचा स्वभाव हाच आहे. माणसाला आपल्याला काय मिळाले यापेक्षा आपल्या खाली कोण उरले, याची चिंता अधिक.

अर्थात रेड फाइंडरची आम्हाला आरती ओवाळायची नाही. पंचवीस अनोळखी माणसे एकत्र येतात, एक शब्द न बोलता राक्षस मारतात आणि निघून जातात. कोणी अडखळला तर समजावून सांगण्याऐवजी मतदान करून बाहेर काढतात. दार उघडले, पण आत माणूस भेटेनासा झाला. कॅज्युअल खेळाडूला फक्त घाईतली लूट हवी असते, हा कंपनीचा गैरसमज आहे. आम्हालाही ओळख हवी, गप्पा हव्यात, सोबत हवी. फक्त ती आमच्या तासाभरात बसली पाहिजे.

भाषा किती काम करते त्याचे एक उदाहरण. वॉरक्राफ्टच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याला अनुभवगुण निम्मे मिळतील, अशी योजना होती. खेळाडू संतापले, ही शिक्षा आहे म्हणाले. कंपनीने मांडणी उलटी केली. जे निम्मे होते त्याला 'सामान्य' म्हटले, आणि विश्रांती घेऊन आलेल्याला 'दुप्पट' मिळतात असे सांगितले. गणित तेच. पण आता सगळे खूश. 'सामान्य' कोणाला म्हणायचे हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात निम्मी लढाई असते.

जन्माचा मुद्दाही या खेळांतून पुरता गेला नाही. या सगळ्यांचा पूर्वज म्हणजे १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात पात्राला 'रेस', म्हणजे वंश, असे. बुटक्या ड्वॉर्फ योद्ध्याने कितीही पराक्रम केला तरी सहाव्या लेव्हलपुढे जायचे नाही, हॉबिटने चौथ्या. माणसाला मात्र मर्यादा नाही! सुरुवातीच्या वॉरक्राफ्टमध्ये पॅलाडिन व्हायचे तर माणूस किंवा ड्वॉर्फ म्हणूनच जन्मावे लागे, आणि ड्रुइड फक्त नाइट एल्फ आणि टॉरेन. जन्मावरून धंदा, हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. पुढे खेळाडूंच्या पिढ्या बदलल्या, जोड्या मोकळ्या होत गेल्या, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्सने तर २०२४ च्या नियमपुस्तकात 'रेस' शब्दच काढून टाकला. ज्यांना 'हा तर नुसता खेळ आहे' वाटते त्यांनी विचारावे, नुसता खेळ होता तर बदलावे का लागले?

आणि सर्वांत खालचा थर? तो तर कॅज्युअलच्याही खाली आहे. खेळातले सोने खऱ्या पैशांत विकले जाऊ लागले तेव्हा ते कमावण्यासाठी चीनमध्ये कामगार बसवले गेले. २००७ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या वृत्तांतात नानजिंगमधल्या अशा कामगारांचे वर्णन आहे. बारा-बारा तासांची रात्रपाळी, आठवड्याचे सातही दिवस, आणि तासाला सुमारे ३० सेंट. त्यांनी खणलेले सोने अमेरिका-युरोपातले वेळेची कमतरता असलेले खेळाडू विकत घेत. पण शिव्या कोणाला? विकत घेणाऱ्याला नाही. 'चायनीज फार्मर' ही शिवी झाली. पुढे व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा तिथल्या लोकांनी 'रूनस्केप'मध्ये ड्रॅगन मारून पोट भरायला सुरुवात केली. २०१७ मध्ये इतर खेळाडूंनी त्यांना शोधून कसे मारायचे याच्या मार्गदर्शिका लिहिल्या. एकाचा विरंगुळा, दुसऱ्याची भाकरी, आणि हिणवले जाते ते भाकरीवाल्याला.

कंपनीने यावर काय केले? २०१५ मध्ये वॉरक्राफ्टने 'टोकन' आणले. अमेरिकेत ते वीस डॉलरला घ्या, खेळात सोन्याला विका. म्हणजे सोन्याचा बाजार वाईट नव्हता, तो कंपनीच्या गल्ल्यात येत नव्हता एवढेच वाईट होते. पैसा असेल तर पैसा, नाहीतर वेळ, आणि दोन्ही नसेल तर बाहेर.

तर मग खेळू नये का? आम्ही तसे म्हणत नाही. ज्या जगात कोणी आडनाव विचारत नाही, तिथे तासभर फिरण्यात जो मोकळेपणा आहे, तो आम्ही अनुभवला आहे आणि तो कोणाच्या टोमण्यासाठी सोडणार नाही. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. कोणी 'नूब' म्हणून नव्या पोराला हाकलत असेल तर त्याच्या बाजूने बोला. आपली गिल्ड काढा. वेळ आपल्या लोकांच्या पाळ्या पाहून ठरवा, लूट सर्वांसमोर वाटा, हजेरीपेक्षा गरज पाहा. मध्येच उठून जावे लागणाऱ्या बहिणीची जागा राखून ठेवा. आणि परीक्षा जवळ असेल तर लॉग-आउट करा. राक्षस उद्याही तिथेच असेल, फॉर्मची तारीख नसेल.

जो खेळात 'लायकी नाही' हे ऐकून मान खाली घालतो, त्याला बाहेरही तेच ऐकवले जाणार आहे. म्हणून उत्तराची सवय इथेच लावा. तुमच्याकडे जास्त होती ती फुरसत. लायकीचे बोलायचे असेल तर आधी घड्याळ समान करा, मग बोलू.

जय भीम!