निवेदनावर सही कोणाची?

अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जासोबत ‘पर्सनल स्टेटमेंट’ नावाचे एक निवेदन जोडावे लागते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी जेमतेम दोन पाने मिळतात. अर्ज भरण्याच्या वेळेपर्यंत पदवीचे आणि एलसॅटचे गुण बहुधा ठरून गेलेले असतात. ही दोन पाने मात्र सर्वस्वी अर्जदाराच्या हाती असतात. आपल्याकडे 2008 पासून सुरू झालेल्या ‘क्लॅट’मध्ये स्वतःविषयी काही लिहावे लागत नाही, त्यामुळे आपली मुले येथे हमखास अडखळतात. दिल्लीतील मराठी सहकाऱ्यांची मुले गेली काही वर्षे आपले मसुदे मला दाखवू लागली आहेत. (मसुदे दुरुस्त करण्यात हयात गेली, एवढीच माझी पात्रता!)

या मसुद्यांतले विषय पाहून मन खट्टू होते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या, घरकामाला येणाऱ्या बाईंचे दैन्य, वस्तीतल्या मुलांना शिकवण्यात घालवलेले चार रविवार. प्रश्न खरे असतात, पण लिहिणारा त्यांत कोठेच नसतो. रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत वाढलेल्या मुलाने यवतमाळचे दुःख आपल्या अर्जाला प्रमाणपत्रासारखे जोडावे, यात मला लेखनदोषाहून मोठा दोष दिसतो.

हा मोह आता वाढण्याचीच शक्यता आहे. 29 जून 2023 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या प्रवेशप्रक्रियेतील वंशाचा विचार अवैध ठरवला. (त्या निकालाशी माझे मतभेद आहेत, पण तो स्वतंत्र विषय.) त्याच निकालपत्रात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी एक वाट मोकळी ठेवली. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने लिहिल्यास विद्यापीठ त्याची दखल घेऊ शकते; मात्र त्यातून त्या व्यक्तीचे धैर्य किंवा निर्धार दिसला पाहिजे. त्यानंतर हार्वर्डच्या विधी विद्यालयाने उद्देश आणि दृष्टिकोन अशी दोन निवेदने मागण्यास आरंभ केला. जखम उघडी करून दाखवावी, असा अर्थ पुष्कळांनी यातून काढला. निकालातली अट मात्र अर्जदाराने स्वतः काय केले याविषयी आहे, आणि तेवढी मला पूर्ण मान्य आहे.

महाराष्ट्र शासन जिला नस्ती म्हणते, तिला आम्ही केंद्रात फाइलच म्हणतो. फाइल समोर आली की आम्ही प्रथम पाहतो, निर्णय काय झाला आणि त्याखाली सही कोणाची. निवेदनाचा विषयही याच कसोटीवर निवडावा.

एका सहकाऱ्याच्या मुलीने शेतकरी आत्महत्यांवर लिहून आणले होते. बोलता बोलता तिच्या आजीचा विषय निघाला. केंद्राच्या कुटुंबनिवृत्तिवेतनात वयाच्या ऐंशीनंतर 20 टक्के वाढ मिळते. आजींची ती वाढ अडली होती, कारण जन्मतारखेचा शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा आणि कार्यालयाच्या कागदांत लग्नात बदललेले नाव. मुलीने 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून माहितीच्या अधिकाराखाली संबंधित नियमाची प्रत मागितली. 30 दिवसांत उत्तर आले नाही, म्हणून पहिले अपील केले. नियम हाती आला तेव्हा वयासाठी इतर कागदही चालतात असे कळले, आणि वाढ थकबाकीसह मिळाली.

“काका, हे फारच किरकोळ वाटेल हो,” ती म्हणाली. प्रतिपक्ष माझ्याच बिरादरीतला असल्यामुळे मला ते किरकोळ वाटले नाही! कायद्याचे एक कलम वाचून, मुदत मोजून, एका वृद्धेचे पैसे मिळवणे याहून कायद्याच्या अभ्यासाचे सबळ कारण मला ठाऊक नाही.

तिने नवा मसुदा लिहिला आहे. लग्नात बाईचे पाळण्यातले नावही का बदलते, हे अमेरिकन वाचकाला सांगण्यातच तिचा अर्धा परिच्छेद खर्ची पडला आहे. तो कापू नकोस, असे मी तिला कळवले आहे.