फोन्सेका यांचं न पडलेलं मत

२६ जानेवारी २०१० रोजी श्रीलंकेत अध्यक्षपदाचं मतदान झालं. विरोधकांचे उमेदवार होते निवृत्त लष्करप्रमुख जनरल सरथ फोन्सेका. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याच फौजेनं तमिळ बंडखोरांचा म्होरक्या प्रभाकरन याला संपवून पाव शतकाचं युद्ध मिटवलं होतं. आणि ऐन मतदानाच्या दिवशी कळलं की या गृहस्थांचं नाव मतदार यादीतच नाही. आपल्याकडे असं झालं की माणूस बूथवर हुज्जत घालतो आणि घरी येतो. तिथे सरकारनं काहूर उठवलं की जो मतदार नाही तो उमेदवार कसा? निवडणूक आयुक्तांनी उमेदवारी वैध असल्याचं सांगितलं, तरी फोन्सेका यांचं स्वतःचं मत राहिलं ते राहिलंच.

दक्षिण आशियात लष्करप्रमुख राजकारणात येण्याचे ठरलेले रस्ते आहेत. पाकिस्तानात रणगाडे रस्त्यावर येतात. आपल्याकडे निवृत्तीनंतर राज्यपालपद मिळतं, किंवा व्ही. के. सिंह यांच्यासारखं गाझियाबादचं तिकीट. फोन्सेका यांची कथा या कुठल्याच साच्यात बसत नाही.

जन्म १९५०चा, दक्षिण किनाऱ्यावरच्या अंबलंगोडाचा. शिक्षण कोलंबोच्या आनंद कॉलेजात. १९७० साली सैन्यात भरती. २००५च्या डिसेंबरात ते पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचे होते. पण नोव्हेंबरात महिंदा राजपक्षे निवडून आले आणि त्यांचे धाकटे भाऊ गोटाबाया अमेरिकेहून परतून संरक्षण सचिव झाले, आणि फोन्सेका निवृत्त होण्याऐवजी लष्करप्रमुख झाले. गोटाबाया हेही आनंद कॉलेजचेच, लेफ्टनंट कर्नल म्हणून सैन्य सोडलेले. त्या काळात फोन्सेका त्यांना सीनियर होते. आता लेफ्टनंट कर्नलच्या हाताखाली जनरल, अशी उलटी उतरंड लागली. मला वाटतं, पुढच्या भांडणाची मुळं तिथेच रुजली. युद्ध चालू होतं तोवर ती दिसली नाहीत, एवढंच.

पद मिळून पाच महिने होतात न होतात तोच, २५ एप्रिल २००६ला कोलंबोतल्या लष्करी मुख्यालयाच्या आवारातच त्यांच्या गाडीजवळ एका बाईनं स्फोट घडवला. आवारातच लष्करी रुग्णालय. गरोदर असल्याच्या बतावणीनं ती आत आली होती. अंगरक्षकांसह अनेक जण ठार झाले. फोन्सेका यांच्या पोटाला जबर जखमा झाल्या, ते मरणाच्या दारातून परतले. जुलैत ते पुन्हा टेबलावर हजर होते. दरम्यान त्यांचे सहकारी, लष्करातले तिसऱ्या क्रमांकाचे अधिकारी परामी कुलतुंगा अशाच हल्ल्यात मारले गेले होते.

नंतरच्या युद्धात त्यांनी एक गोष्ट मुळापासून बदलली. पूर्वी सैन्य हमरस्त्यानं मोठ्या तुकड्यांनी पुढे सरकायचं आणि वाटेतच मार खायचं. फोन्सेका यांनी आठ-आठ जणांची पथकं जंगलातून, रात्री पाठवायला सुरुवात केली. सैन्य वाढत वाढत दोन लाखांच्या घरात गेलं. जानेवारी २००९मध्ये किलिनोच्ची आणि मुल्लैतिवू पडलं. मे महिन्यात नंदिकडलच्या खाजणाकाठी सगळं संपलं.

पण संपलं ते कसं? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २०११मध्ये म्हटलं की अखेरच्या महिन्यांत चाळीस हजारांपर्यंत नागरिक मेले असावेत. श्रीलंका सरकारला तो आकडा मान्य नाही. फोन्सेका यांना शूर म्हणताना हा आकडा बाजूला ठेवता येत नाही, निदान मला तरी. शिवाय माणूस तोंडाचा फाटका. युद्ध चालू असतानाच एका कॅनेडियन दैनिकाला त्यांनी सांगितलं होतं की हा देश सिंहलींचा आहे, अल्पसंख्याकांनी राहावं, पण भलतं काही मागू नये. तमिळनाडूच्या नेत्यांना ते ‘जोकर’ म्हणाले, तेव्हा त्यांच्या सरकारला दिल्लीकडे दिलगिरी व्यक्त करावी लागली.

युद्ध जिंकल्यावर त्यांना सर्व सेनादलांचे प्रमुख नेमलं गेलं. नाव मोठं, अधिकार नावापुरते. नोव्हेंबरात त्यांनी राजीनामा दिला. पत्रात लिहिलं की सरकारला माझ्यावर बंडाचा संशय आला आणि तशी खबर भारतालाही दिली गेली. लगेच सगळे विरोधक त्यांच्याभोवती जमले. जनता विमुक्ती पेरामुना म्हणजे जेव्हीपी, जिचं बंड याच सैन्यानं दोनदा रक्तात बुडवलं होतं, तीही आली. आणि तमिळ राष्ट्रीय आघाडीनंही पाठिंबा दिला! तमिळबहुल जाफन्यात मतदानाला चारातला जेमतेम एक माणूस आला, पण आलेल्यांनी बहुसंख्येनं मत दिलं ते आपल्यावर तोफा चालवणाऱ्या सेनापतीलाच. त्यात प्रेम नव्हतं. राजपक्षे नकोत, एवढाच त्याचा अर्थ. तरी त्या मतपत्रिकेवर खूण करताना हाताला काय वाटलं असेल, हे कुठल्या निकालपत्रात सापडायचं नाही.

फोन्सेका यांना ४० टक्के मतं पडली, राजपक्षे यांना जवळपास ५८. मतमोजणीच्या रात्री ते कोलंबोतल्या एका हॉटेलात होते आणि बाहेर सैनिकांचा वेढा होता. कालपर्यंत त्यांना सॅल्यूट ठोकणारे. ८ फेब्रुवारीला लष्करी पोलिसांनी त्यांना फरफटत नेलं. कोर्ट मार्शलनं हुद्दा, पदकं, पेन्शन सगळं काढून घेतलं. शस्त्रखरेदी प्रकरणी तीस महिन्यांची कैद झाली. एप्रिलात कोठडीतूनच ते खासदार झाले होते, पण शिक्षेमुळे जागा गेली. शरण येणाऱ्यांना मारण्याचा हुकूम गोटाबाया यांनी दिला, अशा अर्थाची फोन्सेका यांची एक मुलाखत छापून आली होती. त्यांनी नंतर खुलासे केले, पण त्याबद्दल आणखी तीन वर्षं मिळाली. मे २०१२मध्ये माफी मिळून ते बाहेर आले.

सरकार बदललं तसं नशीब पालटलं. २०१५मध्ये नवे अध्यक्ष सिरिसेना यांनी सगळं परत दिलं, वर फील्डमार्शल केलं. श्रीलंकेचे पहिलेच. मग मंत्रिपद. त्याआधी स्वतःचा पक्ष काढून पाहिला होता, त्याला संसदेत एकही जागा मिळाली नाही. २०२४ला ते पुन्हा अध्यक्षपदाला उभे राहिले. २०१०मध्ये त्यांना ४१ लाख ७३ हजार मतं पडली होती, या खेपेला सारी बावीस हजारांच्या आसपास. निवडून आले ते जेव्हीपीचे नेते अनुरा कुमार दिसानायके.