पेडल विकत घ्यायचं की बनवायचं?

बाबांना मस्का मारून एकदाचा डिजिटल पियानो घरी येतो. चार दिवस मजा. मग लक्षात येतं, बोट उचललं की सूर तुटतो. शिकवणारा सांगतो, ‘सस्टेन पेडल दाबा.’ आणि तुमच्याकडे पेडलच नसतं!

ऑर्डर करण्याआधी जरा थांबा. पेडल करतं काय, ते बघू या. खऱ्या पियानोत तारांवर फेल्टच्या छोट्या गाद्या टेकलेल्या असतात. उजवं पेडल दाबलं की त्या सगळ्या एकदम उचलल्या जातात आणि तारा घुमत राहतात. डिजिटल पियानोत ताराच नाहीत. त्याचं साधं पेडल म्हणजे फक्त एक स्विच, दोन वायरी आणि पाव इंची जॅक. बस्स!

म्हणूनच ते घरी बनतं. प्लायच्या दोन फळ्या, एक बिजागरी, मध्ये स्प्रिंग, डोअरबेलचं बटण आणि मोनो जॅक. खाली रबर चिकटवा, नाहीतर पेडल फरशीवर पळतं.

माझं पहिलं पेडल उलटं चाललं. पाय ठेवला की सूर बंद, उचलला की घुमतोय! काही पियानोंना दाबल्यावर जोडणारा स्विच लागतो, काहींना दाबल्यावर तोडणारा. बरेच पियानो चालू होतानाच हे तपासून घेतात आणि नेमका तेव्हा माझा पाय पेडलवर होता. तुम्ही पेडल आधी जोडा, पाय बाजूला ठेवा, मग पियानो चालू करा. त्या वायरींना बाहेरचा करंट, अगदी बॅटरीसुद्धा, जोडायची नाही. तीन पेडलच्या युनिटला अनेकदा वेगळ्याच पिना असतात. तिथे मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नका.

पायाने सूर सांभाळणं आपल्याला नवीन नाही. संगीत नाटकातले ऑर्गनवादक पायाने भाता चालवत साथ करायचे. आपल्या झाडीपट्टीत आजही दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं रंगतात, तीही लाइव्ह संगीतावर.

तयार पेडल घेण्यात गैर काहीच नाही. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कीबोर्ड पेडलविना वाजतो आणि त्याच इमारतीतल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर कुलपात पडून असतात, हे खटकायला हवं. लॅब प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरतीच उघडणार असेल, तर आपण शिकतोय काय? आठवड्यातून एक संध्याकाळ, लॅब असिस्टंटच्या देखरेखीखाली, ती सगळ्या शाखांसाठी उघडा. आर्ट्सवाल्यांसाठीही!

गोंदियातल्या दोस्तांनो, हा अर्ज कुणीतरी लिहायला हवा. चार सह्या गोळा करा आणि विभागप्रमुखांना भेटा. सोबत बटण, फळ्या आणि जॅक घेऊन जा. काय बनवायचंय, हे विचारलं की दाखवता येईल.