बांधावरच्या सुबाभळीची चौकट

अकलूजमध्ये घर बांधायला काढले की चौकटींसाठी वखार गाठावी लागते. सागाचा भाव ऐकून अनेक जण ‘मलेशियन साल’ या नावाने विकल्या जाणाऱ्या परदेशी लाकडाकडे वळतात. इकडे माळशिरस तालुक्यातल्या बांधावरची सुबाभूळ आणि नीलगिरी बहुधा सरपणाच्या भावाने निघून जाते. हे नुकसान सोसत राहण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

बारीक खोडातून रुंद फळी निघत नाही, हे खरे. पण खोड करवतीवर न घालता पीलिंग मशीनवर फिरवले, तर त्याचा सलग पातळ पापुद्रा सुटतो. हेच विनिअर. टोकांना न पकडता रुळांमध्ये खोड फिरवणारी यंत्रे तर मनगटाएवढा गाभा उरेपर्यंत सोलतात. साधारण तीन मिलिमीटर जाडीचे हे पत्रे वाळवून, डिंक लावून, थरावर थर रचून हॉट प्रेसमध्ये दाबले की एलव्हीएल (लॅमिनेटेड विनिअर लंबर) तयार होते. प्लायवूडमध्ये एका थरातल्या लाकडी धाग्यांची रेषा उभी, तर पुढच्याची आडवी असते. इथे सगळ्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात, म्हणून हे लाकूड चौकटीला तर चालतेच, पण तुळईसारखा भारही पेलते.

खरी कसोटी जोडाची आहे. पत्रा आठ फुटांचा आणि तुळई वीस फुटांची हवी, तर पत्र्यांची टोके तिरकी तासून किंवा तशीच एकमेकांवर चढवावी लागतात. वीटकामात गवंडी सांधे चुकवतो, तसा एका थराचा जोड शेजारच्या थराच्या जोडापासून दूर ठेवावा लागतो. सगळे जोड एका रेषेत आले, तर तुळई नेमकी तिथेच मोडेल. जे जोडाचे, तेच गाठीचे. सबंध वाशात आरपार गेलेली गाठ त्याला कमकुवत करते. इथे ती एका पत्र्यापुरती राहते. भारतीय मानक ब्युरोने या लाकडाचे मानक 1999 मध्येच काढले आहे.

1996 मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला लगाम घातला, तेव्हा प्लायवूड उद्योग शेतातल्या झाडांकडे वळला. हरियाणातले यमुनानगर शेतकऱ्यांच्या पॉप्लरवर उभे राहिले. आपल्याकडे उरुळीकांचनहून मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ने सुबाभळीचा प्रसार केला, पण चारा आणि सरपण यांच्या पुढे आपण गेलो नाही. ओला ओंडका तोडीनंतर लवकर सोलावा लागतो, नाहीतर टोके तडकतात. म्हणजे यंत्र शेताजवळच हवे. विनिअर वाळवायला आणि दाबायला उष्णता लागते. उसाच्या बगॅसवर बॉयलर चालवणाऱ्या या भागाला ती विद्या शिकवायला नको. डिंकाचा खर्च आणि वनखात्याचा परवाना या अडचणी आहेत, पण त्या सहकाराच्या आवाक्याबाहेरच्या नाहीत.

सुरुवात मात्र भावापासून व्हावी. तालुक्यातल्या सहकारी संस्थांनी सरळ, गाठी कमी असलेल्या ओंडक्याचा दर घेराप्रमाणे आधी जाहीर करावा. चाऱ्यासाठी वारंवार छाटलेली सुबाभूळ झुडपासारखी पसरते, तिच्यातून विनिअर निघत नाही. विनिअरसाठी एकच खोड राखून खालच्या फांद्या वेळेवर काढाव्या लागतात, आणि हाती काय पडणार हे कळल्याखेरीज कोणता शेतकरी काही वर्षे ती मेहनत घेईल?