हुकमाची हद्द

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे युरोपातील ज्यूंच्या संहाराचे एक राष्ट्रीय स्मारक-संग्रहालय आहे. १९९८ साली त्या शहराचे पोलीसप्रमुख चार्ल्स रॅम्झी हे संग्रहालय पाहावयास गेले आणि तेथील छायाचित्रांत जागोजागी साध्या पोलिसांचे गणवेश पाहून अस्वस्थ झाले. पुढल्याच वर्षी, संग्रहालयाच्या साहाय्याने, त्यांनी आपल्या दलासाठी एक शिक्षणक्रम सुरू केला. नाझी राजवटीत जर्मन पोलिसांनी काय केले आणि त्यावरून लोकशाहीतील पोलिसाने काय शिकावे, हा त्याचा विषय. त्यानंतर अमेरिकेतील अनेक दलांचे अधिकारी आणि ‘एफबीआय’चे नवे उमेदवार या दालनांतून फिरून गेले आहेत. जर्मनीतही असे प्रयत्न आहेत. म्युन्स्टर शहरात ‘व्हिला टेन होम्पेल’ नावाची एका कारखानदाराची प्रशस्त हवेली आहे. महायुद्धाच्या काळात ती पोलिसांचे विभागीय मुख्यालय होती आणि पूर्वेकडील व्यापलेल्या मुलखात पाठवावयाच्या पलटणींची व्यवस्था तेथून पाहिली जाई. आज तेथे इतिहासाचे केंद्र आहे आणि पोलीस अधिकारीच तेथे धडे घ्यावयास येतात.

उपक्रम स्तुत्य आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तरीही या शिक्षणात एक मोठा धोका आहे. दालनात शिरणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला आपण नाझी आहोत असे वाटत नसते. तो छळछावण्यांची चित्रे पाहतो, हळहळतो, मान खाली घालतो आणि ‘आपण असे कधीच केले नसते’ हे समाधान घेऊन बाहेर पडतो. ज्या शिक्षणातून शिकणाऱ्याची स्वतःविषयीची खात्री अधिकच बळकट होते, त्याला शिक्षण म्हणणे कठीण आहे. तेव्हा प्रश्न असा की, या इतिहासातील नेमके काय शिकवावयाचे आणि कोणाला?

जर्मन पोलीस काही आकाशातून पडले नव्हते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, वायमार प्रजासत्ताकाच्या अमदानीत, प्रशियाच्या पोलिसांनी ‘पोलीस – तुमचा मित्र आणि मदतनीस’ असे घोषवाक्य रूढ केले होते. हिटलर सत्तेवर आल्यावर ते पुसून टाकण्याची कोणाला गरज भासली नाही. हिमलरने ते आनंदाने वापरले. फेब्रुवारी १९३३ मध्ये गोअरिंगने राजकीय विरोधकांवर शस्त्र चालविण्यास कचरू नका, असा आदेश प्रशियाच्या पोलिसांना दिला आणि पाठोपाठ नाझींच्या खासगी सेनेतील हजारो लोकांच्या दंडावर पट्टी बांधून त्यांना साहाय्यक पोलीस केले. १९३६ साली देशातील सर्व पोलीस हिमलरच्या हाताखाली आले. एकेका पायरीवर नोकरी तीच होती, पगार तोच होता आणि निवृत्तिवेतनाचा हिशेबही तोच चालू होता.

या दलाची कसोटी कोठे लागली याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलंडमधील योझेफूव्ह या खेड्याचे आहे. १३ जुलै १९४२ रोजी पहाटे हॅम्बुर्गची १०१ क्रमांकाची राखीव पोलीस पलटण तेथे उतरली. पलटणीत सुमारे ५०० माणसे होती. बहुतेक मध्यमवयीन, मुलेबाळे असलेली, गोदीत, दुकानांत वा कारकुनीत आयुष्य घालविलेली. पलटणीचा प्रमुख मेजर विल्हेल्म ट्राप हा पहिल्या महायुद्धातील शूर सैनिक आणि पेशाने जुना पोलीस. माणसांना अर्धवर्तुळात उभे करून त्याने हुकूम सांगितला: गावातील ज्यूंपैकी कामाला उपयोगी पुरुष वेगळे काढावयाचे आणि स्त्रिया, मुले व म्हातारे यांना जंगलात नेऊन गोळ्या घालावयाच्या. हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. शेवटी त्याने एक असाधारण गोष्ट केली. वयस्कर लोकांपैकी ज्याला हे काम झेपणार नाही असे वाटत असेल त्याने पुढे यावे, त्याला दुसरे काम दिले जाईल, असे तो म्हणाला. जेमतेम डझनभर माणसे पुढे आली. दिवस मावळेपर्यंत सुमारे १५०० जीव गेले होते. अमेरिकन इतिहासकार क्रिस्टोफर ब्राऊनिंग यांनी या पलटणीच्या युद्धोत्तर जबान्या तपासून १९९२ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात तिच्या पुढच्या सोळा महिन्यांचा हिशेबही दिला आहे: किमान ३८ हजार लोकांना गोळ्या घातल्या, ४५ हजारांना ट्रेब्लिंकाच्या गाड्यांत चढविले.

त्या दिवशी बाजूला झालेल्यांना कोणतीही शिक्षा झाली नाही. एका राखीव लेफ्टनंटाने आदल्या रात्रीच हे काम करण्यास नकार दिला, तर त्याच्याकडे निवडलेल्या पुरुषांना लुब्लिनला पोहोचविण्याचे काम देण्यात आले. युद्धानंतर जर्मन न्यायालयांत ‘हुकूम मोडला असता तर जीव गेला असता’ हा बचाव असंख्य वेळा मांडला गेला. पण निःशस्त्र लोकांना मारण्यास नकार दिला म्हणून कोणाला देहदंड वा तसलीच कडक शिक्षा झाल्याचे एकही उदाहरण बचावाच्या वकिलांना पुराव्यानिशी दाखविता आले नाही. भीती खरी होती, पण ती वरिष्ठांच्या शिक्षेपेक्षा सोबत्यांच्या नजरेची अधिक होती. भित्रा ठरू, आपल्या वाटचे घाणेरडे काम दुसऱ्यावर ढकलल्यासारखे होईल, या विचाराने माणसे रांगेत उभी राहिली.

ही गोष्ट नव्या शिपायांना सांगितली जाते, ते ठीकच. परंतु तिचे खरे श्रोते वरिष्ठ अधिकारी आहेत. ट्राप दिवसभर जंगलाकडे फिरकला नाही. तो गावातच थांबला, येरझाऱ्या घातल्या, लोकांदेखत रडला. हे काम आपल्याला पसंत नाही, पण हुकूम तो हुकूम, असे तो सांगत राहिला. हाताखालच्यांना त्याने एक दार उघडून दिले आणि स्वतः मात्र त्यातून बाहेर पडला नाही. त्याच्या मनस्तापाचा मेलेल्यांना काही उपयोग झाला नाही. उलट, प्रमुखच इतका व्यथित असूनही हुकूम पाळतो आहे, म्हणजे तो पाळलाच पाहिजे, असाच बोध पाचशे माणसांनी घेतला असल्यास नवल नाही. पोलंडने १९४८ साली त्याला फाशी दिले. खासगी सद्भावना आणि अधिकारपदावरील कृती यांच्यातील अंतर ज्या अधिकाऱ्याला पाहावयाचे असेल, त्याने या मेजरकडे पाहावे. चांगला माणूस म्हणून त्याची आठवण ठेवणारे त्याच्या पलटणीत पुष्कळ होते.

बंदुकीपर्यंत न पोहोचणारे पोलीसकाम याहून अधिक फसवे असते. पॅरिसमध्ये १९४० च्या ऑक्टोबरात, जर्मन आदेशावरून, पोलीस ठाण्यांवर ज्यूंची नोंदणी झाली. सुमारे दीड लाख लोकांनी कायदा पाळून आपली नावे दिली. फ्रेंच पोलीस खात्याने त्यांची सुबक पत्र-सूची तयार केली: नावाप्रमाणे, रस्त्याप्रमाणे, व्यवसायाप्रमाणे, राष्ट्रीयत्वाप्रमाणे. त्या कारकुनी कामात कोणाला क्रौर्य दिसले असेल? १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी त्याच सूचीतील २७ हजारांहून अधिक पत्रे हातांत घेऊन सुमारे साडेचार हजार फ्रेंच पोलिसांनी दारे ठोठावली आणि १३,१५२ माणसांना पकडले. त्यांत चार हजारांवर मुले होती. फ्रेंच राज्याने याची जबाबदारी उघडपणे मान्य केली ती १९९५ साली, अध्यक्ष जाक शिराक यांच्या मुखाने. मात्र निम्म्याहून अधिक पत्रांवरची माणसे सापडली नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. कुजबुज आधीच पसरली होती आणि ती पसरविणाऱ्यांत काही पोलीसही होते. तीनच दिवसांनी नान्सी शहरात विदेशी नागरिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या पोलीस शाखेच्या प्रमुखाने व त्याच्या सहकाऱ्यांनी यादीतील घरोघर जाऊन आधीच सावध केले. यादीत ३८५ नावे होती. हाती लागले ३२. यादी तशीच, कायदा तोच आणि खातेही तेच. फरक पडला तो एका शाखाप्रमुखामुळे.

अशा अधिकाऱ्यांकडे पाहिले की त्यांच्या धैर्यापेक्षाही त्यांचे आपल्या कामावरील प्रभुत्व डोळ्यांत भरते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनामंदिरे पेटविण्यात आली. मध्यरात्रीनंतर हायड्रिखने पोलिसांना तारेने कळविले की निदर्शनांना अडथळा करू नये, लूट तेवढी थांबवावी आणि जर्मन मालमत्तेला झळ लागू देऊ नये. बर्लिनमध्ये हाकेशर मार्क्टच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख विल्हेल्म क्र्युट्सफेल्ड याच्या हद्दीत ओरानियनबुर्गर रस्त्यावरचे भव्य प्रार्थनामंदिर होते. ते शासनाने संरक्षित केलेली वास्तू असल्याचा कागद ठाण्यात होता. त्या आधारावर त्याच्या माणसांनी पिस्तूल रोखून जाळपोळ करणाऱ्यांना हुसकले आणि बंब बोलावून आग विझविली. दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या पोलीस आयुक्ताने क्र्युट्सफेल्डची खरडपट्टी काढली, तेवढ्यावरच निभावले. मोठे तत्त्वज्ञान त्याने सांगितल्याची नोंद नाही. त्याने एक जुना नियम शोधला आणि तो अमलात आणला.

परंतु प्रत्येकाचे असे निभावत नाही. स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन परगण्याचा पोलीस कप्तान पॉल ग्र्युनिंगर याने १९३८ मध्ये सीमा बंद झाल्यावरही ऑस्ट्रियातून पळून येणाऱ्या ज्यूंना आत घेतले आणि त्यांच्या कागदांवर मागील तारखा टाकल्या. शेकडो, काहींच्या मते हजारो, माणसे त्यामुळे वाचली. त्याला १९३९ साली बडतर्फ करण्यात आले, पुढल्या वर्षी न्यायालयाने दोषी ठरविले, निवृत्तिवेतन गेले. १९७२ साली तो हलाखीतच वारला आणि त्याच्यावरचा दोष त्याच्या देशाच्या न्यायालयाने पुसून टाकला तो १९९५ साली. विवेकाने वागा असा उपदेश करणाऱ्या प्रत्येक प्रबोधिनीने हा ५५ वर्षांचा हिशेबही उमेदवारांपुढे ठेवला पाहिजे. नाही तर तो उपदेश अप्रामाणिक ठरेल.

आणि शिक्षणक्रमाचा जनकही त्यातून सुटलेला नाही. २७ सप्टेंबर २००२ रोजी, जागतिक बँक व नाणेनिधी यांच्याविरुद्ध निदर्शने चालू असता, वॉशिंग्टनच्या पर्शिंग पार्क या उद्यानात सुमारे ४०० जणांना पांगण्याचा इशाराही न देता घेरून अटक करण्यात आली. त्यांत वाटसरू होते, पत्रकारही होते. कित्येकांना मनगट घोट्याला जखडून तासन् तास बसविण्यात आले. तेव्हा पोलीसप्रमुख रॅम्झीच होते आणि अटकेचा हुकूम देणारा त्यांचा दुय्यम अधिकारी त्यांच्या संमतीने वागला होता. शहराला पुढे लक्षावधी डॉलरची भरपाई द्यावी लागली. या प्रकाराची तुलना योझेफूव्हशी करणे हा मूर्खपणा होईल. पण संग्रहालयातील अस्वस्थता आणि रस्त्यावरचा निर्णय यांत चार वर्षांचेच अंतर होते, हे सत्य त्या शिक्षणक्रमाच्या पहिल्याच पाठात यावयास हवे.

भारताशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५९ साली कायम केला. पण त्यासाठी देशात कायदा केला नाही. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हत्याकांडाच्या एका खटल्यात निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये या उणिवेवर बोट ठेवले. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती भरून निघालेली नाही. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींबाबत श्रीकृष्ण आयोगाने पोलिसांच्या पक्षपाताविषयी जे लिहिले, ते महाराष्ट्रातील कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात बर्लिन वा पॅरिसच्या आधी वाचले जावे. उत्तर प्रदेशातील हाशिमपुऱ्याची कथा तर थेट या विषयातलीच आहे. २२ मे १९८७ रोजी प्रांतिक सशस्त्र पोलिसांनी मेरठच्या त्या वस्तीतून मुसलमान पुरुषांना ट्रकात घालून नेले, कालव्याकाठी गोळ्या घातल्या आणि प्रेते पाण्यात टाकली. चाळीसच्या आसपास माणसे मेली. शेजारच्या गाझियाबादचे पोलीस अधीक्षक विभूतिनारायण राय यांनी आपल्याच सेवेतील लोकांविरुद्ध गुन्हा नोंदवून घेतला. कनिष्ठ न्यायालयाने २०१५ मध्ये सर्वांना सोडले. १६ जणांना जन्मठेप झाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये, ३१ वर्षांनी. ती नोंद त्या वेळी झाली नसती, तर त्या ३१ वर्षांत उभे राहण्यासाठी काहीच उरले नसते.

नियमाचा आधार आपल्याकडेही आहे. १८६० च्या दंडविधानातील कलम ७६ खाली एक उदाहरण दिलेले होते: वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी चालविणारा सैनिक गुन्हेगार नाही, पण हुकूम ‘कायद्याच्या आज्ञेला अनुसरून’ असेल तर. नव्या संहितेतही ती तरतूद आली आहे. पोलीस प्रबोधिन्यांत हे कलम शिकविले जाते ते बहुधा पोलिसाचे कवच म्हणून. त्यातील ‘तर’वर थांबून, हुकूम तसा नसला तर अधीक्षकाने त्याच रात्री कोणत्या वहीत काय लिहावे, कोणाला कळवावे, आपल्या ठाणेदाराला लेखी काय द्यावे, याचा सराव क्वचितच करून घेतला जातो. आणि तसे लिहिणाऱ्या अधीक्षकाची आठवड्यात बदली होणार नाही याची हमी द्यावयाची कोणी? सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात जिल्हा पोलीसप्रमुखाला व ठाण्याच्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षे जागेवर ठेवण्याचा आदेश दिला, तो याच प्रश्नाला धरून होता. राज्य सरकारांनी त्याचे पालन ज्या उत्साहाने टाळले आहे, तो पाहता प्रबोधिनीच्या वर्गाआधी एखादा वर्ग मंत्रालयात घेणे सोयीचे होईल.