खाडीवरच्या पुलाआधी पऱ्यावरचा साकव

आपल्या जिल्ह्यात दळणवळणाचा विषय निघाला की बोलणे दोनच गोष्टींवर येऊन थांबते. एक मुंबई-गोवा महामार्ग आणि दुसरा रेवस-रेड्डी सागरी महामार्ग. चहाच्या टपरीवर हेच आणि सभेतही हेच. या दोन्ही रस्त्यांचे महत्त्व कोणी नाकारत नाही. परंतु ज्या शेतकऱ्याची बाग पऱ्याच्या पलीकडे आहे, ज्याच्या वाडीत एसटी कधी पोचलीच नाही, त्याचा प्रवास महामार्गावर सुरू होत नाही. तो सुरू होतो घराच्या अंगणातून, आणि बऱ्याचदा पहिल्या अर्ध्या किलोमीटरातच अडतो. या अर्ध्या किलोमीटराविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

आधी आपला मुलूख कसा आहे ते पाहू. सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरची पट्टी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. एवढे पाणी इतक्या थोड्या अंतरात धावत खाली येते. डोंगरात तो पऱ्या असतो, खाली त्याची नदी होते आणि समुद्राजवळ भरती-ओहोटीची रुंद खाडी. उत्तरेकडून मोजत आलो तर बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, रत्नागिरीजवळ काजळी आणि पूर्णगडला मुचकुंदी. तालुक्यातून तालुक्यात जायचे तर खाडी आडवी, आणि वाडीतून वाडीत जायचे तर पऱ्या आडवा.

आमच्या आजोबांच्या पिढीला खाडीचे एवढे दुःख नव्हते, कारण त्यांचा हमरस्ता पाणीच होता. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशा बंदरांना लागत. वाशिष्ठीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत माल जाई. पुढे आगबोटी बंद पडल्या, वाहतूक रस्त्यावर आली, आणि बंदराची जी गावे एके काळी मुलखाच्या दारात होती ती रस्त्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन पडली. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण गाडीने गाठायचे तर अर्धा दिवस मोडतो, अशी गत झाली.

दाभोळ आणि धोपावे ही त्याची ठळक जोडी. मध्ये फक्त खाडी. माणूस होडीने जाई, पण कलमांचा टेंपो न्यायचा तर दापोली, खेड, चिपळूण, गुहागर असा शंभर किलोमीटरच्या वर फेरा. गंमत बघा, नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या वीज प्रकल्पामुळे दाभोळचे नाव जगभर गाजले. प्रकल्प मात्र उभा राहिला खाडीच्या दुसऱ्या काठाला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. हजारो कोटींची बोलणी झाली, पण प्रकल्पाला ज्या गावाचे नाव दिले ते गाव समोरच्या काठाला गाडीरस्त्याने जोडले गेले नाही. गाडी पलीकडे नेण्याची सोय झाली ती २००३ साली, डॉ. चंद्रकांत मोकल यांच्या पुढाकाराने सुवर्णदुर्ग शिपिंगने सुरू केलेल्या फेरीबोटीने. पुढे बाणकोट खाडीत वेसवी-बागमांडला आणि जयगड खाडीत तवसाळ-जयगड या फेऱ्या सुरू झाल्या.

या फेरीबोटींनी शेतकऱ्याचे किती काम सोपे केले ते हिशेबाच्या वहीत दिसत नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. कलमे, बियाणे, सल्ला यांसाठी गुहागरच्या शेतकऱ्याने तिकडे जावे असे आम्ही खात्याचे लोक सांगत असतो. पण सकाळी निघून संध्याकाळी गुरांच्या वैरणीला घरी पोचता येत असेल तरच तो जाणार ना? अंतर किलोमीटरमध्ये मोजले तर कागद तयार होतो, माणूस मात्र ते अंतर दिवसात आणि बुडालेल्या मजुरीत मोजतो.

असे असूनही फेरीबोटीकडे आपण रस्ता म्हणून पाहत नाही, कोणा एकाचा धंदा म्हणून पाहतो. एसटीत २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण एसटी ज्या ठिकाणी खाडीच्या काठावर थांबते, त्याच ठिकाणी ही सवलतही थांबते. शेजारच्या गोव्यात सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोटी चालवते आणि पायी प्रवाशाकडून पैसे घेत नाही. दूर स्कॉटलंडमध्ये बेटांवरच्या लोकांसाठी २००८ पासून काही मार्गांवर एक पद्धत आणली आणि नंतर ती वाढवत नेली. तेवढेच अंतर रस्त्याने गेल्यास जो खर्च येईल, त्याच्या हिशेबाने बोटीचे भाडे ठरवायचे. म्हणजे मध्ये पाणी आले हा काही प्रवाशाचा गुन्हा नव्हे, एवढे त्यांनी मान्य केले. आपल्याकडे चालवणारा खाजगी असला तरी हरकत नाही. पण शाळेची पोरे, म्हातारी माणसे, बाजाराला जाणाऱ्या बायका यांच्या भाड्यातला फरक सरकारने भरून द्यायला काय अडचण आहे?

यावर कोणी म्हणेल, आता सागरी महामार्गावर मोठे पूल होणार आहेत, मग बोटीवर खर्च कशाला? पूल जरूर व्हावेत, लवकर व्हावेत. परंतु दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की पूल घोषणेच्या दिवशी उभा राहत नाही. सागरी मार्गाचा ध्यास बॅरिस्टर अंतुले यांनी घेतला होता, आणि ते मुख्यमंत्री होते १९८० ते १९८२ या काळात. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम सुरू होऊन वर्षानुवर्षे अडून राहिले, हे मंडणगडकरांना वेगळे सांगायला नको. तेवढ्या काळात पोरे शिकून नोकरीला लागली, काही मुंबईला गेली ती तिथलीच झाली. दुसरी गोष्ट अशी की पूलही अडतो आणि कधी पडतोही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानीतला पूल वाहून गेला. त्यात जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली अशा आपल्याच जिल्ह्याच्या दोन एसटी गाड्या गेल्या. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाजवळचा रस्ता खचला आणि महामार्ग तुटला. गोव्यात १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत पणजीची माणसे आणि गाड्या फेरीबोटींनीच वाहून नेल्या. फेरीबोट होती म्हणून निभावले. म्हणूनच पूल झाल्यावरसुद्धा धक्का आणि बोट मोडीत काढू नये.

हे झाले खाडीचे. पण माझ्या मते याहून मोठा प्रश्न वरच्या अंगाला, वाडीतल्या पऱ्यावर आहे. खाडीच्या पुलाला निदान बातमी मिळते. साकवाची बातमी होते ती तो वाहून गेल्यावर.

रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना १९९० साली आली आणि आपल्या जिल्ह्याचा चेहरा बदलला. वरकस जमिनीवर, कातळावर, जिथे पूर्वी नाचणी-वरी पिकत होती तिथे आंबा-काजू उभा राहिला. ही योजना कोकणाला वरदान ठरली यात शंका नाही. मात्र बाग डोंगरावर गेली आणि रस्ता खालीच राहिला. कलम लावताना खड्ड्याचे माप पाहिले, दोन कलमांमधले अंतर पाहिले. पंधरा वर्षांनी या झाडाचा आंबा कोणत्या वाटेने खाली येणार, हे मात्र कोणत्याच फॉर्मवर विचारलेले नव्हते.

हापूस चौदा आणे तयार झाला की काढावा, सकाळच्या थंडाव्यात काढावा आणि लगेच सावलीत न्यावा, असे आम्ही सांगतो. उन्हाच्या आणि तापलेल्या जमिनीच्या झळीने फळात साका धरण्याचा धोका वाढतो. पण डोक्यावर क्रेट घेऊन पऱ्यातल्या दगडांवरून दोन खेपा करेपर्यंत ऊन माथ्यावर येते. मग तांत्रिक सल्ला काय करणार? पावसाळ्यात खताची तीच कथा. लावणीनंतर युरिया हप्त्याने, दोन-तीन वेळा द्यावा असे शास्त्र सांगते. पऱ्या भरल्यावर पंचेचाळीस किलोची गोणी पलीकडे नेणार कोण? म्हणून शेतकरी सगळे खत आधीच नेऊन ठेवतो. ओल्या हवेत त्याचे खडे होतात, नाहीतर तो एकदाच टाकून मोकळा होतो आणि निम्मे पाण्याबरोबर जाते. आपण त्याला अडाणी म्हणतो. तो अडाणी नाही, त्याच्या वाटेत साकव नाही.

अनेक वाड्या दरवर्षी पावसाच्या तोंडावर पोफळीची नाहीतर माडाची खोडे टाकून साकव बांधतात. सारे गावकरी मिळून एक-दोन दिवसात काम उरकतात. ही आपली जुनी रीत आहे आणि तिचे कौतुकच आहे. परंतु २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच महाराष्ट्रात आला आणि त्याआधीचे काही दिवसही पावसातच गेले. बागेत शेवटचा आंबा, काजू गोळा व्हायची आहे, आणि साकवाची खोडे अजून तोडलेलीच नाहीत. पाऊस आता जुने पंचांग पाळत नाही. मग दरवर्षी नव्याने बांधायच्या साकवावर वाडीचा भरवसा किती दिवस ठेवायचा? आणि आंब्याचे नुकसान पैशात तरी मोजता येते. अडलेल्या बाळंतिणीला झोळीतून पऱ्यापार आणावे लागते, पऱ्याला पाणी आले की पोरींची शाळा चार-चार दिवस चुकते, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा?

अडचण अशी आहे की रस्त्याच्या योजनांचे माप कोकणाच्या अंगाला बसत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये आली. सपाट मुलखात पाचशे लोकवस्ती आणि डोंगरी राज्यांत अडीचशे, असा तिचा मूळ नियम. देशावर गाव एका जागी असते, त्यामुळे पाचशेचा आकडा सहज भरतो. आपल्याकडे एका गावाच्या दहा वाड्या, एका वाडीत वीस-पंचवीस घरे, त्यातली निम्मी चाकरमान्यांची, गणपती आणि शिमग्यापुरती उघडणारी. माणसे मोजली तर वाडी बसत नाही, आणि रस्ता नाही म्हणून माणसे आणखी कमी होतात.

मग करायचे काय? सगळे एकदम होणार नाही, हे मान्य. पण तीन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. एक, ग्रामपंचायत, महसूल आणि कृषी खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांनी मिळून प्रत्येक गावातल्या पऱ्यांची आणि साकवांची यादी करावी आणि एप्रिलमध्येच प्रत्येक साकव पाहून घ्यावा. यादीत घरांबरोबर पलीकडची बाग किती, शाळेची पोरे किती हेही लिहावे. जिल्हा नियोजनाचा निधी मागताना वजन याच आकड्यांना येईल. दोन, जिथे नवा पक्का साकव होईल तिथे शक्य असल्यास खांबांना फळ्या बसवायच्या खाचा ठेवाव्यात. पावसाळा सरला की फळ्या घालून तोच साकव बंधारा होतो. मार्चपासून टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एका खर्चात वाट आणि पाणी दोन्ही मिळेल, वर वाल-भाजीचे एक पीक पदरात पडेल. तीन, वस्तीची एसटी आणि फेरीबोट यांच्या वेळा एकमेकींना जुळवून दोन्ही काठांवर फलक लावावा. याला फारसा पैसाही लागत नाही, फक्त दोन बाजूंच्या लोकांनी एकदा एकत्र बसायला हवे.

वीस घरांसाठी साकव परवडतो का, असे काही लोक विचारतात. त्यांनी पलीकडच्या बागेतला आंबा मोजावा, म्हणजे उत्तर मिळेल. आणि बाग नसली तरी, त्या वीस घरांनीही आजवर सगळ्यांसारखीच घरपट्टी भरली आहे आणि मतेही दिली आहेत. खाडीवरच्या पुलाचे नारळ फुटतील तेव्हा टाळ्या वाजवायला आम्ही सारे येऊच. पण त्या कार्यक्रमाला यायला पऱ्यापलीकडच्या माणसालाही वाट हवी, एवढे लोकप्रतिनिधींनी आणि अधिकारी मंडळींनी लक्षात घ्यावे. पुढचा पाऊस येण्याआधी निदान यादी तरी व्हावी.