दोघींच्या खेळात एकीचा हिशेब

भिगवण म्हटले की उजनीचे पाणी, हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी आणि मासळीबाजार डोळ्यांपुढे येतो. टेनिस काही येत नाही. पण याच लोहमार्गाने पुढे कुर्डुवाडीला जाऊन फाटा धरला की बार्शी लागते. त्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाच्या जोडीला उभी राहिली. ‘आमच्या मुलीला टेनिसमध्ये घालावे का?’ असे विचारणाऱ्या पालकांनी या दोघींच्या कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

सानियाचा जन्म मुंबईचा, वाढली हैदराबादेत. २००७ मध्ये ती एकेरीत जगात सत्ताविसावी होती. आपल्याकडच्या कोणत्याही मुलीने तोवर एवढी मजल मारली नव्हती. मग मनगटाने दगा दिला, गुडघ्यांनी दिला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि तिने एकेरी सोडली. ‘आता दुहेरीच ना!’ असे तेव्हा नाक मुरडणारे कमी नव्हते. त्यांना उत्तर मिळाले ते मार्टिना हिंगिससोबतच्या भागीदारीतून. एप्रिल २०१५ मध्ये सानिया दुहेरीत जगात पहिली झाली. त्याच वर्षी विम्बल्डन आणि अमेरिकन, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. २०१८ मध्ये मुलगा झाल्यावर तिने पुन्हा रॅकेट हाती घेतली, २०२० मध्ये होबार्टची स्पर्धा जिंकली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत शेवटचा सामना खेळून ती थांबली. मिश्र दुहेरी धरून ग्रँड स्लॅमची सहा विजेतेपदे तिच्या नावावर आहेत.

हे शिखर झाले. पायथ्याचा हिशेब वेगळा आहे. विम्बल्डनमध्ये २०२४ साली एकेरीच्या विजेतीला २७ लाख पौंड मिळाले, दुहेरीच्या विजेत्या जोडीला साडेसहा लाख, तेही दोघींत वाटून. म्हणजे एकीच्या वाट्याला आठवा हिस्साही नाही! मग लहान स्पर्धांत काय उरत असेल, याची कल्पना करावी. विमान, हॉटेल, प्रशिक्षक हा खर्च मात्र एकेरीवाल्या मुलीइतकाच.

शिवाय जोडीदाराचा प्रश्न. दुहेरीच्या स्पर्धेत प्रवेश सामान्यतः दोघींच्या क्रमांकांची बेरीज पाहून मिळतो. तुमचा क्रमांक मागे असेल तर पुढच्या क्रमांकाची मुलगी तुमच्याबरोबर का खेळेल? आणि ती खेळली नाही तर तुमचा क्रमांक पुढे सरकणार कसा? लग्नाच्या बाजारासारखेच हे, फक्त हंगामात अनेकदा मांडावे लागणारे.

प्रार्थनाला रिओची वाट मिळाली तीही अशीच. त्या वेळच्या नियमाने जगातल्या पहिल्या दहांतल्या खेळाडूला आपल्या देशाची जोडीदार घेऊन थेट उतरता येत असे. सानियाच्या क्रमांकाने दार उघडले, हे खरे. पण २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत याच दोघींनी कांस्यपदक मिळवले होते, हे त्या वेळी टीका करणारे विसरले. रिओत पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग श्वाय आणि झांग श्वाय यांनी त्यांना ७-६, ५-७, ७-५ असे हरवले. असल्या आकड्यांना ‘पहिल्या फेरीत गारद’ म्हणून मोकळे होणे मला तरी पटत नाही.

मराठी मुलींचे मोठे यश जोडीच्या खेळातच दिसते, हेही ध्यानात घ्यावे. २०२३ मध्ये हांगझोऊला ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणले. एकेरीत पहिल्या शंभरांत जायला लागणारी ताकद आणि वर्षानुवर्षांचा परदेशी सराव आपल्या घरांना झेपत नाही; दुहेरीत चपळ हात, नेटजवळची नजर आणि समजूत यांवर अजून बरेच जमते. पैसा कमी, पण वाट बंद नाही.

तालुक्याच्या गावातून निघणाऱ्या मुलीला मात्र बाराव्या-तेराव्या वर्षीच घर सोडावे लागते, किंवा घरालाच तिच्यामागे शहरात जावे लागते. बालेवाडीत पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ पासून २०२३ पर्यंत झाली, तिचा गाजावाजाही झाला. या मुलींना त्याहून उपयोगी पडतात त्या डेक्कन जिमखान्यावर भरणाऱ्यांसारख्या महिलांच्या लहान आंतरराष्ट्रीय स्पर्धा, कारण क्रमवारीचे पहिले गुण तिथे परदेशाचे तिकीट न काढता मिळतात.